पेवावर पार नको

वन्सं, गावानं तुमच्या नावाचा पार बांधायचं ठरवलं होतं. चांगला दगडी पार, मधे लिंबाचं रोप, दर्शनी बाजूला पाटी आणि पाटीवर तुमचं नाव. तुम्हाला नावाची हौस नव्हती असं मी म्हणणार नाही. तांब्याला, ताटाला, पाटाला, सगळ्याला तुम्ही नाव घालून घेतलं होतंत. पण पुढचं ऐका. जागा कुठली निवडली, तर चावडीमागची, गावाच्या दाण्याच्या पेवाची. पेव माती टाकून बुजवायचं, वर धुम्मसानं ठोकून घट्ट करायचं आणि त्याच्यावर पार उभा करायचा. तुमच्या तेराव्याला, शेवटची पंगत उठायच्या आत, हे एकमतानं ठरूनही गेलं. कुणाच्या पोटात पाप नव्हतं. सांगताना कारभारी तात्यांचे डोळे भरून आले होते, आणि तुमचे भाऊ, आमचे हे, लहान मुलासारखी मान हलवत होते.

मी वाढत होते. हातातलं आमटीचं भांडं खाली ठेवलं आणि आधी मला हसूच फुटलं. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. ज्या एका खड्ड्यासाठी तुम्ही शेवटपर्यंत गावाशी भांडलात, तोच खड्डा तुमच्या प्रेमापोटी बुजवायला निघाले होते! असली चूक करावी तर आपल्याच गावानं. मग हसू गेलं आणि मस्तकात अशी तिडीक उठली की मला तिथून आत जावं लागलं.

हे सांगायला बसले आहे ते रडायला नाही. रडून झालंय. आपलं भांडण अर्धं राहिलंय, ते मला पुरं करायचंय, आणि समोर तुम्ही नाही म्हणून या वेळी मला बोलायला सवड मिळेल. एरवी तुम्ही मला वाक्य कुठं पुरं करू देत होतात?

दाजी गेल्यावर सांगलीचं बिऱ्हाड मोडून तुम्ही माहेरी आलात तेव्हा मी मनातून धास्तावले होते. नणंद कायमची घरात म्हटल्यावर कुठली भावजय धास्तावणार नाही? त्यातून तुम्ही विश्रामबागेत, कॉलेजच्या वाचनालयात नोकरी केलेल्या. मी रहिमतपूरच्या शाळेत भूगोल शिकवणारी. शिकल्याची थोडी घमेंड मलाही होतीच. पहिल्या आठवड्यातच आपली जुंपली. मी उद्याचा धडा काढत बसले होते, तुम्ही मागून वाकून वाचलंत. हवा रोज बदलते, हवामान मात्र बदलत नाही, अशा अर्थाचं काहीतरी मी लिहिलं होतं.

"हे कुणी सांगितलं?" तुम्ही विचारलंत.

"पुस्तकात आहे, वन्सं."

"ढगांनी वाचलंय का गं ते पुस्तक?"

तिथून जे सुरू झालं ते तुमच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत चाललं. वाचनालयात इंग्रजी मासिकं यायची, ती लावता लावता तुम्ही वाचायच्यात. त्यात कुणा शास्त्रज्ञांचं म्हणणं तुम्हाला सापडलं होतं, की पृथ्वीचं हवामान दर वेळी हजारो वर्षं घेऊन सावकाश बदलतं असं नाही, कधी कधी ते माणसाच्या एका आयुष्यात कोलमडतं. हे एक वाक्य तुमच्या डोक्यात जे रुतलं ते निघालंच नाही. कुणी म्हणे थंडी वाढणार, कुणी म्हणे कोळशाच्या धुरानं उष्मा वाढणार. मी त्यावरूनच तुम्हाला चिडवायची. तुमच्या शास्त्रज्ञांचं आधी आपसात ठरू दे, मग आपण स्वेटर विणायचा का पंखा घ्यायचा ते बघू.

"आगं, थंडी का उष्मा त्यांचं त्यांनी ठरवावं," तुम्ही म्हणायच्यात. "कायबी झालं तरी पाऊस हालणार का न्हाई? आन् आपलं समदं त्या पावसावर बसलंय."

"हलला तरी हळूहळू हलेल. माणसं सावरून घेतील."

"कोयनेची मानसं झोपली तवा जमीन घट्टच हुती की."

भूकंपानंतर तुम्ही कोयनानगरला गेला होतात, मावसबहिणीचं घर बघायला. घर राहिलंच नव्हतं. तेव्हापासून आतून कडी न लावता झोपायची सवय तुम्हाला लागली, म्हणजे पळायला वेळ जायला नको. मी चोरांच्या भीतीनं कडी लावायची, तुम्ही गुपचूप काढून ठेवायच्यात. त्या कडीवरूनही आपण कमी भांडलो नाही. तुम्ही गेल्यापासून कडी मी लावलेलीच नाही, आणि हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही.

मग बहात्तर साल आलं. त्या दुष्काळानं तुमची बाजू सिद्ध झाली असं मी तेव्हाही मानलं नाही. मी म्हणाले, वन्सं, आपल्याकडं दुष्काळ आजोबांच्या काळातही पडत होते, म्हणून काही हवामान बदललं असं होत नाही. ही एक गोष्ट तुम्ही मान्य केलीत, कारण ती खरी होती. पण त्या दिवसांत तुम्हाला दुसरंच काही दिसलं. सगळं गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला एका ढिगावर बसलं. पाटलाची सून आणि बौद्धवाड्यातली बाई शेजारी शेजारी हातोडा मारत होत्या. रेशनचा ट्रक आला तर चुली पेटायच्या, नाही आला तर नाही. एकदा ट्रक कुठंतरी अडकला आणि सगळ्या घरांतला दाणा एकाच वेळी संपला. उसनं मागायला जावं तर शेजारची स्वतःच आपल्याकडं निघालेली. तुम्ही म्हणालात, पाऊस आपल्या हातात नाही, पण ट्रक येईपर्यंत तग धरायला गावाजवळ गावाचा दाणा नको का?

सांगलीत हळदीची पेवं तुम्ही पाहिली होती. चावडीमागं आपल्या गावाचंही एक जुनं पेव होतं, कचऱ्यानं भरलेलं. शाळेत मुलींना मला हल्ली समजावून सांगावं लागतं, की पेव म्हणजे जमिनीच्या पोटातली कणगी. तोंड माणूस कसाबसा उतरेल एवढं, आणि आत खोलीएवढी जागा. पाऊस परत लागला, पहिली बरी सुगी हाती आली, आणि तुम्ही ते पेव उपसून घेतलंत. आत जाळ करून ते कोरडं केलं, बाजूंना कडबा लावला, लिंबाचा पाला टाकला. घरटी जोंधळा घालायचा ठरला, ज्याच्या त्याच्या ऐपतीनं.

आणि ऐन वेळी तात्या अडून बसले. गावाचे कारभारी ते, त्यांचा शब्द चालायचा. "आक्का, समद्यांचं एकात नगं. बौद्धवाड्याचं येगळं पेव काढू. त्यास्नी बी बरं, आमास्नी बी बरं."

भीमराव तिथंच उभे होते. फौजेतून पेन्शन घेऊन नुकतेच बौद्धवाड्यात परतलेले. पाठीवर जोंधळ्याचं पोतं. त्यांनी पोतं खाली ठेवलं नाही. तसेच उभे राहिले.

"तात्या," तुम्ही म्हणालात, "खडीच्या ढिगावर एका जागी बसलासा, तवा काय झालं न्हाई. आन् आता दाणा येगळा? दुस्काळ काय वाडा बघून येतोय व्हय? भीमराव, वता तुमी."

पेवात पहिलं पोतं त्यांचं पडलं. तात्या त्या दिवशी तोंड फिरवून गेले आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं आपला जोंधळा घेऊन आले. तोंड लिंपून झालं तेव्हा राखण तुमच्याकडं आणि भीमरावांकडं आली. मला तुमचा इतका अभिमान वाटला होता, आणि तो मी तुम्हाला कधी बोलून दाखवला नाही. आपल्यात तसं बोलायची पद्धतच नव्हती.

आता जत्रेचं. माघातली ती जत्रा, दुष्काळानंतर पहिल्यांदाच मोठी भरलेली. शेजारचं गाव झाडून आलं, बायकापोरांसकट. दुष्काळात त्यांनी आपल्या गावच्या जनावरांना त्यांच्या विहिरीचं पाणी दिलं होतं, स्वतःला पुरत नसताना. शेतात शाळू, रब्बीचा जोंधळा, उभा होता पण कणसातला दाणा अजून कोवळा, आणि घरोघर कणग्या तळाला गेलेल्या. पंगतीला जोंधळा पुरणार नाही हे दुपारी लक्षात आलं आणि सगळ्यांच्या नजरा तुमच्याकडं वळल्या.

मी म्हणाले होते, "वन्सं, नको. पाहुण्यांना काहीही घालू, पण पेव नको."

"ज्यांनी पानी पाजलं त्यास्नी भाकरी न्हाई म्हनू? मग पेव कशाला ठेवायचं, माझ्या दिवसाला?" तुम्ही म्हणालात आणि चावडीकडं चालायला लागलात.

नियम तुमचाच होता. दाणा कोंडला की आतली हवा विषारी होते, म्हणून तोंड उघडून पेव मोकळं ठेवायचं, मग पेटता कंदील आत सोडायचा, तो विझला नाही तरच माणूस उतरायचा, आणि तोही कमरेला दोर बांधून. पण पंगत खोळंबली होती. ढोल वाजत होते. तुमचे भाऊ धोतर खोचून पुढं आले. "आक्का, उघडून लय येळ झाला की. काय हुतंय?" कंदील आणायला कुणी हललं नाही आणि तुम्हीही हट्ट धरला नाहीत. दोर मात्र तुम्ही सोडला नाहीत. हे थट्टा करत होते, मला काय हिरीत पवायला शिकवतीस व्हय म्हणून. तरी तुम्ही दोर बांधलातच आणि दुसरं टोक भीमरावांच्या हातात दिलंत.

हे उतरत होते आणि बोलत होते. खालून वास कसला येतोय ते सांगत होते. कंबर आत गेली, छाती आत गेली, डोकं दिसेनासं झालं तरी बोलणं चालू होतं. आणि मग वाक्याच्या मधेच थांबले. ओरडले नाहीत, खोकले नाहीत, बरं वाटत नाही असंही म्हणाले नाहीत. दोर एकदम ताणला. "वढा!" भीमराव गरजले आणि मागं झुकले, आणि तात्यांनी, हो, तात्यांनीच, भीमरावांच्या कमरेला मिठी मारून त्यांना मागं खेचलं. बाहेर आले तेव्हा ह्यांचे ओठ निळे पडले होते. तुम्ही ह्यांच्या थोबाडीत मारत होतात आणि "शंकऱ्या, ए शंकऱ्या" म्हणत होतात. माझं कुंकू, माझी पोरं, सगळं त्या एका घटकेत डोळ्यांपुढून गेलं. मग ह्यांनी श्वास घेतला.

संध्याकाळी हे खाटेवर पडले होते आणि तुम्ही मला ओट्यावर बोलावलंत. "बघितलंस? पायरी पायरीनं न्हाई. वरच्या पावलाला हसत हुता, खालच्या पावलाला न्हाई. मधी कायबी न्हवतं."

तुमचं सगळं मला पटलं असं नव्हे. पण हळूहळू हलेल, माणसं सावरून घेतील, हे वाक्य त्यानंतर मला तुमच्यापुढं म्हणता आलं नाही. वर्गात म्हणताना सुद्धा जीभ अडखळते.

ह्यांना बाहेर काढल्यावर कंदील आला, हवा खेळती झाली, आणि पेव उपसलं गेलं. पाहुणे पोटभर जेवले. सुगीला परत भरू, असा शब्द प्रत्येक घरानं दिला. पण त्याच वर्षी नदीवरून उपसा योजना आली आणि जोंधळ्याच्या रानात ऊस उभा राहिला. कुणी पायलीभर दाणा आणून टाकला, कुणी पुढच्या सालाचा वायदा केला. तुम्ही घरोघर फिरायच्यात आणि प्रत्येक दारात एकच उत्तर यायचं, "आक्का, तुमीच उघडलंसा की." ते खोटं नव्हतं, म्हणूनच ते तुम्हाला गिळावं लागायचं. मला वाटतं, तुम्ही त्या दिवशी बरोबरच केलंत. आणि तेच तुम्हाला महागात पडलं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात हे मला पुस्तकात कुणी शिकवलं नव्हतं.

पुढं पाऊसही असा पडला की तुमची चेष्टा करायला सगळ्यांना फावलं. "आक्का, औंदा बी पडला की! ढगास्नी तुमचं मासिक मिळालं न्हाई वाटतं." एके वर्षी माघात अवकाळी पाऊस आला, उभा शाळू आडवा झाला, तेव्हा तुम्ही धावत आत आलात. "बघ, हाललं का न्हाई?" मी म्हणाले, योगायोग. वन्सं, मी अजूनही तेच म्हणेन. एका अवकाळी पावसानं काही सिद्ध होत नाही. त्यावर तुम्ही म्हणालात की मग ओळीनं चांगल्या झालेल्या पावसाळ्यांनी तरी काय सिद्ध होतंय? मी चहा ठेवायला उठले.

आणि मग या उन्हाळ्यातली ती बैठक. तुम्ही पेवाचा विषय परत काढलात आणि तात्या, वैतागून नव्हे, अगदी समजावणीच्या सुरात म्हणाले, "आक्का, राग मानू नगा, पर तुमी दुस्काळाची वाट बघतायसा." मी तुमच्या उत्तराची वाट बघत होते. तुम्ही पदर सारखा केलात आणि उठून घरी आलात.

मी मागोमाग आले. "का नाही बोललात? एवढं बोलले ते तुम्हाला!"

"खरं हाय म्हणून न्हाई बोलले."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तुम्ही भिंतीकडं बघत होतात. "कवा कवा सकाळी आभाळ बघते, आन् ढग दिसला की वाईट वाटतं गं. चांगल्या पावसाचं वाईट! ही मानसं ऐकावीत म्हणून त्यांची पोरं उपाशी ऱ्हावीत असं मनात येतं माझ्या. एवढी वाईट मी कवाच न्हवते, सुमन."

तुम्ही रडलात. दाजी गेले तेव्हाही तुम्हाला मी तसं रडताना पाहिलं नव्हतं. मी नुसती जवळ बसले. मला काहीतरी म्हणायचं होतं, पण ते तुम्ही गेल्यावर सुचलं. मला म्हणायचं होतं की वन्सं, तुम्ही वाईट नाही. येणाऱ्या संकटाची आठवण ठेवायचं काम सगळ्या गावानं एकट्या बाईवर टाकलं की त्या बाईचं असंच होतं. ते काम वाटून घ्यायचं असतं, पेवातल्या दाण्यासारखंच. लवकर सुचलं असतं तर तुम्हाला रात्री झोप लागली असती.

भादव्यात तुम्ही गेलात. सुपात काहीतरी पाखडत होतात, सूप बाजूला ठेवलंत, "सुमन, जरा पडते" म्हणालात. एवढंच. तुम्ही तरी काही सांगून जाल असं मला वाटायचं; तुमच्यासारख्या बोलक्या बाईनं असं अबोल जावं हे मला अजून झेपलेलं नाही.

तेराव्यानंतरच्या रविवारी चावडीपुढं बैठक बसली, पाराला दगड कुठून आणायचा ते ठरवायला. आदल्या दिवशी आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं. हे म्हणाले, "माझ्या भनीचं नाव गावात ऱ्हातंय, तुला काय बोचतंय?" मी म्हणाले, तुमचा जीव जिनं वर काढला तिच्या पेवात तुम्ही माती लोटताय. हे ताटावरून उठले. कधी नाही ते.

मी डोक्यावर पदर घेऊन बायकांच्या बाजूला उभी राहिले. तात्यांनी दगडाचं बोलायला सुरुवात केली आणि मी म्हणाले, "तात्या, पार नको. पेव ठेवा."

ह्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. तात्या गोंधळले. "आवं मास्तरीणबाई, उपसा हाय, धरण हाय, रेशन हाय. भुईत जोंधळा पुरायचे दिवस गेले."

"उपसा नदीवर, नदी धरणावर आणि धरण पावसावर. रेशनचा ट्रक तर आपण सगळ्यांनी बघितलाय."

"म्हंजे तुमाला बी आक्कासारखं वाटतंय, पाऊस पलटनार?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "आक्कांशी मी यावरूनच रोज भांडले. पलटेल का, पलटला तर कधी, मला खरंच माहीत नाही. तुम्हालाही नाही. माहीत नाही म्हणूनच पेव पाहिजे. आधी कळणार असतं तर लागलंच नसतं."

मग तात्यांचा आवाज फुटला. "मग आमी आक्कासाठी करायचं तरी काय? आमास्नी काय मन न्हाई व्हय?" तेव्हा मला कळलं, वन्सं. उन्हाळ्यातलं ते वाक्य त्यांना खात होतं. तुमची माफी मागायची राहून गेली म्हणून ते पार बांधायला निघाले होते.

"जोंधळा घाला," मी म्हणाले.

"कुटनं घालायचा?" मागून कुणीतरी म्हणालं. "समद्या रानात ऊस हाय." हेही खरं होतं. गावात द्यायला जोंधळाच नव्हता.

भीमराव उठले. "पेरायला अजून येळ हाय. माझं रान कोरडवाहू, मी शाळूच पेरनार. पर माझ्या एकट्याच्या दाण्यानं पेव भरत न्हाई."

सगळ्यांनी ह्यांच्याकडं पाहिलं. नदीकाठचं आपलं रान उसासाठी तयार होतं, सऱ्या पाडून झालेल्या, बेणं सांगून ठेवलेलं. मी खाली बघत राहिले. हे आता नाही म्हणाले तर माझं भर चावडीत हसं होणार होतं, आणि पेवही जाणार होतं. ह्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. "वरच्या पट्टीत शाळू टाकतो," म्हणाले, आणि बैठक सोडून चालायला लागले.

शेवटी तात्यांनी तोडगा काढला. सुगीपर्यंत थांबायचं. पेव भरलं तर पेव ठेवायचं, नाही भरलं तर पार बांधायचा. मी कबूल म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

त्यानंतर एक गंमत झाली, तुम्ही असतात तर टाळ्या पिटल्या असत्यात. शाळू पेरायचं मनावर घेतलं दोन-चार घरांनी, पण बी कुणाकडंच नव्हतं. उसाच्या नादात कणसं राखायची पद्धतच मोडली होती. बी होतं ते एकट्या भीमरावांकडं, माळ्याला टांगलेल्या कणसांचं. पेरणीच्या दिवसांत एका सकाळी मी शाळेला निघाले तर बौद्धवाड्याच्या तोंडाशी तात्या उभे, काखेत रिकामी पिशवी. माझ्याकडं बघून खाकरले. "मास्तरीणबाई, भीमराव घरात हाय का वो?" मी म्हणाले, आहेत, जा की आत. क्षणभर थबकले आणि गेले. भीमरावांच्या मालकिणीनं त्यांना पाट दिला, पाणी दिलं. तात्यांनी तांब्या तोंडाला लावला आणि रिकामा करून खाली ठेवला.

त्यांनी पेरलं किती, तर बांधाकडंची एक पट्टी. पेव भरायला ते पुरणार नाही. आपल्या वरच्या पट्टीतही भीमरावांचंच बी आहे, उगवण बरी आहे, हे रोज तिकडं चक्कर मारतात आणि माझ्याशी अजून मोजकंच बोलतात. परतीचा पाऊस यंदा हात आखडून आहे. सुगीला काय होईल ते मी तुम्हाला सांगू शकत नाही, आणि मला धीर नाही असं समजू नका. मला भीती वाटते, इतकंच.

पण भांडणाचं माझ्याकडून सांगून टाकते. तुम्ही जे वाचलंत ते खरं ठरू नये, वन्सं. पाऊस वेळेवर पडावा, धरण भरावं, रेशन मिळावं, आणि पेवातला जोंधळा दर वर्षी नुसताच बदलून घ्यावा लागावा. आपल्या घरच्या नातवंडांनी म्हणावं, काय खुळ्या होत्या या दोघी, उगाच भुईत दाणा पुरत बसल्या. मी जिवंत असेपर्यंत दर सुगीला त्यात जोंधळा ओतणार आहे, आणि ओतताना दर वेळी एकच मागणार आहे, की हे भांडण तुम्ही हरावं.